थेंब पडला, पुढे?

प्रगत पदार्थांच्या इंकजेट छपाईविषयी आपल्याकडे एक युक्तिवाद इतक्या सहजपणे केला जातो, की त्याला कोणी हरकतच घेत नाही. परिसंवादात तो ऐकू येतो, प्रकल्प-प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तो असतो, आणि वर्तमानपत्रांतल्या विज्ञानवृत्तांत तर त्याचंच राज्य आहे. युक्तिवाद असा: चांदीचे नॅनोकण असोत, सेंद्रिय अर्धवाहक असो की सिरॅमिकची पूड, त्या पदार्थाची नोझलमधून उडेल अशी शाई बनवता आली की मुख्य काम झालं. यंत्र विकत मिळतं, प्रिंटहेड विकत मिळतो. प्रयोगशाळेत सोळा नोझलवर जे छापलं तेच कारखान्यात सोळा हजार नोझलवर छापायचं. उरलेला प्रश्न पैशाचा आहे, विज्ञानाचा नाही.

चारपाच वर्षं जातात, माल काही बाजारात येत नाही. मग हीच मंडळी ‘तंत्रज्ञानातच दम नव्हता’ असं म्हणून मोकळी होतात. वरवर पाहता ही दोन विधानं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे: शाई आणि माल यांच्या मधे जे काही असतं ते किरकोळ मेकॅनिकचं काम, अशी समजूत. मी ती खोडून काढणार आहे. माझं म्हणणं असं, की या मधल्या प्रदेशातच खरं तंत्रज्ञान आहे. शाई हा त्याचा एक घटक, आणि पुष्कळदा त्यातल्या त्यात सोपा.

समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घेऊ. शाई छापण्याजोगी आहे की नाही हे आकड्यात सांगता येतं, असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे. द्रवाची धार फुटून तिचे थेंब का होतात याचं गणित लॉर्ड रेली यांनी १८७८ साली मांडलं. पुढे श्यानता, पृष्ठताण, घनता आणि नोझलचा व्यास यांना एकत्र बांधणारा ओनेसॉर्ग अंक रूढ झाला. त्याचा व्यस्त म्हणजे ‘झेड’. राइस आणि डर्बी यांनी २००० च्या सुमारास दाखवलं, की झेड १ ते १० च्या दरम्यान असेल तर थेंब नीट सुटतो. त्याहून कमी असेल तर शाई नोझल सोडत नाही, जास्त असेल तर मुख्य थेंबामागे उपथेंबांची रांग लागते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने हीच खिडकी ४ ते १४ अशी सरकवली. खिडकी सरकते, यातच खरं तर थोडं उत्तर आहे, पण ते राहू द्या. आज इंकजेटवरचे असंख्य शोधनिबंध एका वाक्यावर येऊन थांबतात: आमच्या शाईचा झेड अमुक आहे, म्हणून ती छापण्यायोग्य आहे.

झेड कोणाचा? बाटलीतल्या शाईचा.

ड्रॉप-वॉचर नावाचं एक उपकरण असतं. नोझलमधून थेंब उडवणाऱ्या विद्युत ठोक्याशी जुळवून लुकलुकणारा एलईडी, आणि समोर कॅमेरा. सेकंदाला हजारो थेंब उडत असतात, पण दिवा त्याच ठोक्याला लागत असल्याने पडद्यावर एकच थेंब हवेत थबकल्यासारखा दिसतो. थेंबामागे शेपटी असते. शाई चांगली वागत असेल तर नोझलपासून मिलिमीटरभर जाण्याच्या आत ती शेपटी थेंबात सामावते. शाईत लांब साखळीचं पॉलिमर अगदी चिमूटभर जास्त झालं, तर तीच शेपटी तुटता तुटत नाही, तिच्यावर मण्यांसारखे फुगवटे येतात, आणि शेवटी तुटते ती कुठे तुटेल याचा नेम नाही. हे झेडमध्ये दिसत नाही, कारण झेडमध्ये लवचिकतेला जागाच नाही. शिवाय नोझलमधून जाताना शाईवर पडणारा कातरदर सेकंदाला लाख ते दहा लाख या पातळीचा असतो, आणि झेडमध्ये घातलेली श्यानता मात्र टेबलावरच्या साध्या यंत्रावर त्याच्या कितीतरी खाली मोजलेली असते.

आता छपाई दहा मिनिटं थांबवा. जॉब बदलायचा आहे, ट्रे लावायचा आहे, काहीही कारण असो. पुन्हा सुरू केलीत की त्याच पडद्यावर पहिले काही थेंब तिरके जाताना दिसतात, काही संथ निघतात, काही नोझल उडतच नाहीत. दहा मिनिटांत नोझलच्या तोंडाशी द्रावक उडून गेला, कण दाटले, श्यानता वाढली. बाटलीतल्या शाईचा झेड होता तोच आहे, पण नोझलच्या तोंडाशी असलेल्या काही पिकोलिटर शाईचा झेड वेगळा झाला आहे. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटींवा भाग. छपाई होते ती या एवढ्याशा शाईतून, बाटलीतून नव्हे.

यावर उपाय आहेत. थेंब न उडवता मेनिस्कस, म्हणजे नोझलच्या तोंडाशी असलेला शाईचा वक्र पृष्ठभाग, नुसता हलवत ठेवणारा हलका ठोका द्यायचा, ठरावीक अंतराने थोडी शाई थुंकून टाकायची, नोझलप्लेट पुसायची, हेडमधून शाई सतत फिरती ठेवायची, मंद उडणारा द्रावक घालायचा. मात्र प्रत्येक उपाय दुसरीकडे काहीतरी मागतो. मंद द्रावक घातला तर छापलेली रेषा वाळायला वेळ लागतो आणि ती पसरते. जोरात पुसलं तर प्लेटवरचा शाई न धरणारा थर झिजतो. थुंकायचं अंतर कमी केलं तर लाइनचा वेग पडतो. हे सगळं एकमेकांशी जुळवत नेणं याला प्रक्रिया-विकास म्हणतात, आणि तो शाई बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला एकट्याने, बंद खोलीत, करता येत नाही.

दुसरा मुद्दा मोठ्या प्रमाणाचा. जगभरच्या प्रयोगशाळांत डायमॅटिक्सचा एक छोटा प्रिंटर दिसतो. चांगलं यंत्र आहे, त्याने या विषयाचं भलंच केलं. त्याच्या कार्ट्रिजला १६ नोझल असतात आणि दीडेक मिलिलिटर शाई पुरते. एखादी नोझल बंद पडली तर दुसरी निवडायची. सगळ्याच बिघडल्या तर कार्ट्रिज फेकून नवं भरायचं. अनेक सुंदर नमुने प्रत्यक्षात एकदोन नोझलवर छापलेले असतात, कारण त्या दिवशी तेवढ्याच सरळ चालत होत्या. शोधनिबंधासाठी हे अगदी रास्त आहे. पण औद्योगिक सांबा हेडला २०४८ नोझल असतात, क्योसेराच्या एका हेडला २६५६, आणि अशी हेड्स रांगेने बसवायची असतात. तिथे नोझल निवडण्याची चैन नसते.

आकडा मांडून बघा. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, प्रत्येकात तीन उपपिक्सेल, म्हणजे सुमारे दोन कोटी एकोणपन्नास लाख खळगे. छापून बनवायच्या ओएलईडीत यातल्या प्रत्येक खळग्यात ठरलेले थेंब पडायला हवेत. लाल शाईचा थेंब शेजारच्या हिरव्यात गेला तर दोन्ही गेले. दहा लाखांत एक चूक ही प्रयोगशाळेत मिरवण्याची गोष्ट. पडद्यावर तिचा अर्थ होतो पंचवीस ठिपके खराब, आणि असा पडदा कोणी विकत घेत नाही. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते. इथे प्रत्येक शीत शिजावं लागतं. सोळा नोझलवरून दोन हजारांवर जाणं हा फक्त पैशाचा प्रश्न आहे असं म्हणणाऱ्याने हा हिशेब कधी केलेला नसतो.

थेंब खाली पडल्यावर काय होतं, याबद्दल तर युक्तिवादात चकार शब्द नसतो. वाळणाऱ्या थेंबाच्या कडेला कणांचं कडं का साचतं, हे शिकागोच्या डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये समजावलं. कडेला बाष्पीभवन जास्त, ती तूट भरून काढायला आतून बाहेर प्रवाह, आणि त्याबरोबर कणांची वाहतूक. ओट्यावर सांडलेल्या कॉफीचा डाग आणि छापलेली चांदीची रेषा याच न्यायाने वाळतात. कडेला चांदीचा बांध आणि मधे विरळ मैदान, असली रेषा वीज वाहील खरी, पण ठरवलेल्या रोधाने वाहणार नाही.

चांदीचंच घ्या. शाईत वजनाने २० टक्के चांदी म्हणजे बरीच वाटते. पण चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, त्यामुळे आकारमानाने ती निघते जेमतेम सव्वादोन टक्के. दहा मायक्रोमीटर जाडीचा ओला थर टाकला तर वाळून उरते पाव मायक्रोमीटरहून कमी चांदी, तीही कणांमधल्या पोकळ्यांसकट आणखी विस्कळीत. जाडी हवी तर थरावर थर टाका. प्रत्येक थर वाळवा. प्रत्येक वेळी मागच्या रेषेवर बरोबर आणून बसवा. मग सिंटरिंग. कण जुळायला बहुतेक शायांना दीडशे अंशांच्या वर उष्णता लागते आणि खालचं स्वस्त पीईटी फिल्म ऐंशीच्या आसपासच मऊ व्हायला लागतं. हे गणित कच्चं राहिलं तर शाई कितीही चांगली असो, गाडं इथेच अडतं.

आता समोरचा म्हणेल, की एवढ्या अडचणी आहेत म्हणजे तंत्रज्ञानच कुचकामी. इथे तो दुसऱ्या टोकाला जातो, आणि इतिहास त्याच्या बाजूने उभा राहत नाही.

स्पेनमध्ये कास्तेयोन हा फरशांचा जिल्हा. तिथे फरशीवरची नक्षी आधी स्क्रीनने, मग कोरीव सिलिकॉनच्या रोलरने छापली जायची. रोलर फरशीला टेकतो, त्यामुळे उंचसखल पृष्ठभाग छापता येत नाही, पातळ फरशी तुटते आणि नक्षी पुन्हा पुन्हा तीच येते. २००० साली केराजेट या तिथल्या कंपनीने सिरॅमिकसाठी इंकजेट यंत्र प्रदर्शनात आणलं. शाई होती, यंत्र होतं, चालतही होतं. आपल्या युक्तिवादाप्रमाणे क्रांती २००१ साली व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही. सुरुवातीच्या शाया विरघळणाऱ्या धातु-संयुगांच्या होत्या, रंग मोजके आणि महाग. भट्टीत टिकणारी रंगद्रव्यं दळून सूक्ष्म केली तर ती जड, म्हणून तळाशी बसायची, नोझल तुंबायची. लाइनवर फरशी येते तीच मुळात गरम आणि ओलसर. तिच्या वाफेने नोझलप्लेटवर दव धरायचं.

गाठ सुटायला अनेक हात लागले. रंगद्रव्य बनवणाऱ्यांनी दळण मायक्रोमीटरच्या खाली नेऊन तरंगतं ठेवणारी रसायनं शोधली. केंब्रिजच्या झार कंपनीने २००७ मध्ये असा हेड आणला, की ज्यात शाई नोझलच्या अगदी पाठीमागून सतत वाहत राहते: कण बसायला वेळच मिळत नाही, आणि अडकलेला हवेचा बुडबुडा वाहून जातो. यंत्रवाल्यांनी हेडखालची वाफ ओढून घेण्याची सोय केली. फरशीवाल्यांनी ग्लेझ बदललं, लाइनचं तापमान आवरलं. त्यानंतरच्या पाचसहा वर्षांत रोलर जवळपास हद्दपार झाला, आणि आज गुजरातेत मोरबीला गेलात तर फरशीच्या कारखान्यात इंकजेटची लाइन ही नवलाची गोष्ट नाही. सात वर्षांत बदललं काय? एकटी शाई नाही, आणि एकटा हेडही नाही. शाई, हेड, फरशी आणि लाइन यांनी एकमेकांसाठी स्वतःत फेरफार केले. (फरशीवर एखादी नोझल चुकली तर डोळ्याला पटकन दिसत नाही, हेही खरं. पहिला मोठा विजय जिथे चूक खपते तिथे मिळाला, हा योगायोग नाही.)

जेओलेडचं उदाहरण तंत्रज्ञान हरल्याचा पुरावा म्हणून हमखास पुढे केलं जातं. २०१५ मध्ये सोनी आणि पॅनासोनिक यांचे ओएलईडी विभाग एकत्र करून ही जपानी कंपनी उभी राहिली. तिने २१.६ इंची फोर-के पडदे छापून विकले, आणि मार्च २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. झालं, निकाल लागला! पण यंत्रं आणि अनुभव हवेत विरून गेले नाहीत. आधीपासून भागीदार असलेल्या चीनच्या टीसीएल सीएसओटीने ते काम पुढे नेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये वुहानला छापील ओएलईडीचं व्यापारी उत्पादन सुरू झाल्याचं जाहीर केलं. पहिला माल पुन्हा २१.६ इंचीच, वैद्यकीय मॉनिटरसाठी. या पद्धतीचे पडदे बाष्पलेपनाच्या पडद्यांशी किमतीत टिकतील की नाही, हा वाद उघडा आहे. ‘छापताच येत नाही’ हा वाद मात्र संपला. कंपनी बुडणं आणि प्रक्रिया बुडणं या वेगळ्या घटना आहेत. आपल्याकडच्या टीकाकारांनी दोन्हींचं श्राद्ध एकाच दिवशी घातलं.

आणि याच क्षेत्रातलं खरं यश गाजावाजा न होता आपल्या खिशात येऊन बसलं आहे. लवचीक ओएलईडी पडद्याला ओलावा आणि ऑक्सिजनपासून वाचवायला पातळ थरांचं झाकण असतं: खाली-वर अकार्बनी थर, मधे काही मायक्रोमीटर जाडीचा सेंद्रिय थर. हा मधला थर फोनच्या अनेक पडद्यांवर इंकजेटने पडतो. अमेरिकेतल्या कटीवासारख्या कंपन्यांनी यासाठी नायट्रोजनने भरलेल्या बंदिस्त खोलीत चालणारी यंत्रं बनवली. शाईत द्रावक नाही. ती अतिनील प्रकाशाने जिथल्या तिथे घट्ट होते, त्यामुळे कडं साचण्याचा प्रश्न निकालात निघतो. अडचण उरते ती अशी, की दोन नोझलचे थेंब तंतोतंत सारखे नसतात, आणि तो फरक पडद्यावर पट्ट्यांसारखा उमटतो. उपाय म्हणून प्रत्येक नोझलच्या थेंबाचं आकारमान मोजून ठेवायचं आणि एका जागी वेगवेगळ्या नोझलचे थेंब अशा हिशेबाने मिसळायचे, की बेरीज सारखी यावी. नोझल परिपूर्ण करण्याचा नाद सोडून तिची खोड आधीच माहीत करून घ्यायची. मला हा विचार या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत देखणा वाटतो, आणि तो शाईच्या सूत्रात कुठेही सापडणार नाही.

इंकजेट सगळीकडे जिंकतं असं मात्र मी म्हणणार नाही. सौर घटावरच्या चांदीच्या बारीक रेषा छापायला ते पुढे आलं तेव्हा स्क्रीन प्रिंटिंगची रेषा शंभर मायक्रोमीटरच्या आसपास होती, आणि इंकजेट ती सहज पातळ करील असं वाटत होतं. पण स्क्रीनवाले हातावर हात धरून बसले नाहीत. जाळी आणि पेस्ट सुधारत त्यांनी रेषा तीस मायक्रोमीटरच्या खाली नेली, तीही एका फटक्यात जाड थर देऊन. तिथे इंकजेट हरलं आणि हरायलाच हवं होतं. प्रक्रिया-विकास करणाऱ्याला हे लवकर कळतं. शाईवाल्याला उशिरा, कारण त्याच्या शाईचा झेड शेवटपर्यंत उत्तमच असतो.

‘हवं तिथेच थेंब, म्हणून वाया काही जात नाही’ हे वाक्य तर आता सोडून द्यावं. पर्ज करताना (म्हणजे दाबाने शाई ढकलून नोझल मोकळी करताना), पुसताना, हेड सुरू करताना किती शाई टाकीत जाते, हे लाइनवरच्या माणसाला विचारा. महागड्या नॅनोचांदीच्या शाईबाबत हा खर्च हिशेबात धरला नाही तर सगळा ताळेबंद खोटा ठरतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. प्रक्रिया बसवणं हे उद्योगाचं काम, सरकारी पैशाने पदार्थांचं मूलभूत संशोधन करावं, असं म्हटलं जातं. ऐकायला नीट वाटतं. पण थेंब उडवणाऱ्या ठोक्याचा आकार, म्हणजे वेव्हफॉर्म, शोधनिबंधात सहसा छापत नाहीत; ती व्यापारी गुपितं असतात. हेड बनवणारे परदेशी आहेत, आणि त्यांनी न तपासलेली शाई घातली तर हेडची हमी बहुधा जाते. म्हणजे ज्याला आपण ‘विकत मिळतं’ म्हणतो त्याचं फक्त लोखंड विकत मिळतं. ज्या देशांत हा उद्योग उभा राहिला तिथे मधल्या प्रदेशावर सार्वजनिक पैसा पडलेला आहे: केंब्रिज विद्यापीठाचं इंकजेट संशोधन केंद्र हेडवाले, शाईवाले आणि सरकारी निधी एकत्र आणून चाललं, आणि आइंडहोव्हनचं होल्स्ट सेंटर २००५ पासून नेमकं हेच करत आलं. आपल्याकडे आयआयटी कानपूरला लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे. पुण्यात पाषाणला इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करणारी सी-मेट आहे, तिला जाड थरांच्या पेस्टचा जुना अनुभव आहे. हात आहेत. पण निधी देताना आपण शाई आणि निबंध मोजतो, आणि जे मोजलं जातं तेच पिकतं.

सुरुवात कुठून करायची, हाही प्रश्न आहेच. मी म्हणेन, फरशीचा धडा घ्या आणि जिथे चूक खपते तिथून करा. कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना वाळूचे साचे लागतात. आम्ल मिसळलेल्या वाळूच्या थरावर फ्युरान रेझिनचे थेंब टाकून साचा छापता येतो. पॅटर्न बनवण्यात जाणारा वेळ वाचतो, आणि एखाददुसरा थेंब इकडेतिकडे झाला तरी वाळूत मुरतो. तिथेही नोझलला आम्लाची वाळू लागली की रेझिन जागीच धरतं, म्हणजे पुसणं आणि पर्ज करणं हे शिकण्यासारखं काम आलंच. ते करणारी पोरं तयार झाली, की तीच उद्या सर्किटच्या लाइनवर उभी राहतील.

तोवर प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांनी झेडचा आकडा बाजूला ठेवून एक तक्ता मागवावा. पहिल्या तासाला किती नोझल चालू होत्या, शंभराव्या तासाला किती, मधे किती वेळा पर्ज केलं, त्यात किती शाई गेली, आणि शाईची दुसरी बॅच घातल्यावर काय बदललं. हा तक्ता कोणतंही नामांकित नियतकालिक छापणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याने काही बिघडत नाही. फायलीत असला तरी पुरे.